एनमॅप आणि ओपनव्हास, आठ महिन्यांनंतर: ओएस ओळखीचा अनुभव

वाळूज एमआयडीसीतल्या मध्यम आकाराच्या कारखान्यात, ऑफिसचे संगणक आणि शॉपफ्लोअरवरचे एचएमआय (मशीन चालवायचे पडदे) मिळून, एनमॅप (नेटवर्क स्कॅनर) आणि ओपनव्हास (सुरक्षेतल्या त्रुटी शोधणारा स्कॅनर) ही जोडी आठ महिने चालली. इथे फक्त ओएस, म्हणजे यंत्रावरची ऑपरेटिंग सिस्टीम, ओळखण्याबद्दल.

एनमॅप समोरच्या यंत्राकडे टीसीपी, यूडीपी आणि आयसीएमपीचे १६ पर्यंत प्रोब (चाचणीची पाकिटं) पाठवतो आणि उत्तरांच्या ठशावरून ओएस जुळवतो. खात्रीच्या निकालासाठी त्याला किमान एक उघडा आणि एक बंद टीसीपी पोर्ट लागतो. बंद म्हणजे आरएसटी (जोडणी नाकारणारं पाकीट) पाठवून स्पष्ट नकार देणारा. विंडोज फायरवॉल तिथेच अडवतो. त्याचा स्टेल्थ मोड आरएसटी बाहेर जाऊच देत नाही, मग बंद पोर्ट सापडत नाही आणि निकाल अंदाजावर येतो. 'ओएसस्कॅन-गेस' हा पर्याय लावून अंदाजाची टक्केवारी मिळते, पण ती पुरावा म्हणून अहवालात लिहू नये. स्कॅनर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या भागात) असेल तर मधला फायरवॉल पाकिटं बदलतो, म्हणून स्कॅनर त्याच व्हीलॅनमध्ये ठेवा.

खरा फरक पडला तो ओपनव्हासला लॉगिन दिल्यावर. विंडोजवर ॲडमिन खातं हवं, रिमोट रजिस्ट्री सेवा (विंडोजच्या सेटिंगांची नोंद दुरून वाचू देणारी) चालू हवी आणि ४४५ पोर्ट स्कॅनरच्या आयपीपुरता खुला हवा. डोमेनमध्ये (कंपनीच्या मध्यवर्ती खात्यांच्या व्यवस्थेत) नसलेल्या यंत्रावर लोकल खात्याने लॉगिन होऊनही हक्क मिळत नाहीत. तिथे रजिस्ट्रीत 'लोकलअकाउंटटोकनफिल्टरपॉलिसी' १ करावं लागतं. याने सुरक्षा सैल होते, म्हणून पासवर्ड प्रत्येक यंत्राला वेगळाच ठेवा. आणि एक फसगत: विंडोज ११ च्या रजिस्ट्रीत प्रॉडक्टनेम अजून 'विंडोज १०' असंच असतं. बिल्ड क्रमांक बघा, क्लायंट विंडोजवर (सर्व्हर नसलेल्या) २२००० किंवा पुढे असेल तर ती ११.

लिनक्सवर लॉगिनसाठी एसएसएच की (पासवर्डऐवजी वापरायची किल्ली-फाइल) पुरते. बॅनर (सेवा स्वतःची आवृत्ती सांगते ती ओळ) वाचून जुनं ओपनएसएसएच दिसतं, पण वितरकाने दुरुस्ती मागच्या आवृत्तीतच घातलेली असते. पॅकेज यादी वाचली की हे खोटे इशारे गळतात. म्हणूनच ओपनव्हास पॅकेज तपासणीला ९७ टक्के विश्वासार्हता देतो, संशयास्पद बॅनरला ३०, आणि मूळ फिल्टर ७० च्या खालचं दाखवतच नाही.

एचएमआय आणि पीएलसीवर (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरवर) ओएस प्रोब नकोच. जुनी नेटवर्क कार्डं विचित्र पाकिटांनी अडकतात आणि लाइन थांबते. ते आयपी वगळा, यादी हाताने भरा, आणि तपासायचंच असेल तर शटडाउनच्या दिवशी, मेंटेनन्सचा माणूस मशीनपाशी उभा असताना.