इंदूरमध्ये हँडी 'अलाइन' करून घेणाऱ्यांसाठी

हौशी रेडिओच्या (हॅम) दोन मीटर बँडवरच्या माझ्या जुन्या हँडीवरून, म्हणजे हातात धरायच्या वायरलेस संचावरून, रिपीटरवर (संदेश पकडून पुढे प्रसारित करणारे केंद्र) बोलताना आवाज फार क्षीण येतो, असे स्नेह्यांनी सांगितल्यावर मी ती महाराणी रोडच्या बाजारातील एका दुरुस्तीवाल्याकडे दिली. त्याने आत न पाहताच फायनल ट्रान्झिस्टर (प्रसारणाची शक्ती देणारा शेवटचा भाग) गेला असल्याचे सांगितले आणि तो बदलून, संच अलाइन करून (आतील जुळवणी नीट करून), ५ ऐवजी ८ वॅट काढून देण्याचे २,८०० रुपये घेतले. परत देताना त्याने मीटरचा काटा ८ वर गेलेला दाखवला; आवाजही खरोखरच मोठा झाला होता.

मात्र त्यानंतर रिपीटरवर माझा आवाज फाटू लागला, जोरात बोललो की मधलेच शब्द तुटू लागले आणि दूरची स्टेशने मलाही नीट ऐकू येईनात. राजेंद्रनगरातील एका ज्येष्ठ हॅम स्नेह्यांनी सर्व्हिस मॉनिटरवर (रेडिओ तपासण्याचे मोजयंत्र) संच तपासला, तेव्हा पॉवर जेमतेम साडेचार वॅट भरली. दुकानातील मीटर ३० मेगाहर्ट्झखालच्या बँडसाठी बनवलेला होता, त्यामुळे १४५ मेगाहर्ट्झवरचे त्याचे वाचन निरर्थक होते. शिवाय ५ चे ८ वॅट झाले असते तरी वाढ केवळ २ डेसिबलची. समोरच्याच्या मीटरवर एक एस-युनिट (सिग्नलच्या ताकदीची एक पायरी) वाढायला पॉवर चौपट लागते.

ट्रान्झिस्टरला तर हातही लागलेला नव्हता, त्याचे कारखान्यातले सोल्डरचे डाग तसेच होते. आवाज मोठा वाटावा म्हणून त्याने डेव्हिएशन (आवाजामुळे फ्रिक्वेन्सी किती हलते ते) ५ किलोहर्ट्झच्या मर्यादेपलीकडे, ७ पर्यंत नेले होते, आणि फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या क्रिस्टलजवळचा ट्रिमर (बारीक जुळवणीचा स्क्रू) फिरवल्याने फ्रिक्वेन्सी जवळपास २ किलोहर्ट्झ सरकली होती. प्रसारण आणि ग्रहण दोन्ही त्याच क्रिस्टलवर अवलंबून असल्यामुळे दोन्ही बिघडले. मूळ दोष इतकाच होता, की माइकसमोरचे छिद्र धुळीने बुजले होते. मला सर्वांत अधिक संताप आला तो न विचारता केलेल्या एका गोष्टीचा: संच १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या बाहेरही प्रसारण करील, असा त्याने 'उघडून' ठेवला होता. तिथे चुकून बटण दाबले गेले असते, तर जबाबदारी परवानाधारक म्हणून माझीच ठरली असती.

अलाइनमेंट हे मोजून करायचे काम आहे. ५० ओहमचा डमी लोड (चाचणीवेळी अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर), व्हीएचएफचा पॉवरमीटर, फ्रिक्वेन्सी काउंटर आणि डेव्हिएशन मोजण्याचे साधन ज्याच्याकडे नाही, त्याला ट्रिमरला हात लावू देऊ नये. कामाआधीची व नंतरची वाचने लिहून मागावीत, बदललेला भाग परत घ्यावा, आणि संचाचा अनुक्रमांक व बदललेल्या भागाचे नाव पावतीवर नोंदवून घ्यावे. माझ्या पावतीवर फक्त 'सर्व्हिस' असे लिहिलेले आहे आणि त्याचाच आधार घेऊन दुकानदाराने पैसे परत करण्यास नकार दिला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी आता मॉनिटरच्या वाचनांसह तक्रार नोंदवली आहे.