गंजाखाली झाकलेला आकडा

मालगाडीच्या वाघिणींची, म्हणजे डब्यांची, छोटी मॉडेल जोडणे आणि त्यांच्यावर खऱ्यासारखा गंज, धूळ व कोळशाची काजळी चढवणे हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग आहे. मुलुंडच्या घरात भिंतीलगतच्या आठ फुटी फळीवर मी १:८७ प्रमाणाचा, म्हणजे एचओ मापाचा, रेल्वेमार्ग मांडला आहे. गेल्या वर्षी मोतीबिंदूमुळे बारीक काम जमेनासे झाले, म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच मी तयार वाघिणी विकत घ्यायचे ठरवले आणि त्यातच फसलो.

आपल्याकडच्या वाघिणींची मॉडेल सहजासहजी मिळत नाहीत. त्यामुळे कोळसा वाहणाऱ्या उघड्या बॉक्सएन वाघिणींचे फोटो एका विक्रेत्याने मोबाइलवर पाठवले, तेव्हा मी हरखूनच गेलो. सहा वाघिणी, धातूची चाके, हाताने केलेले वेदरिंग, म्हणजे खोटा गंज आणि मळ, किंमत १६,८०० रुपये. गंजाचे काम खरोखर अप्रतिम होते. पावसाचे पाणी बाजूच्या रिबांवरून, म्हणजे उठावाच्या पट्ट्यांवरून, खाली उतरताना जसे ओघळ सोडते, तसेच ते दिसत होते. "काका, तुमच्यासारख्या जाणकाराच्या घरीच हे शोभेल," असे तो म्हणाला आणि जाणकार काका विरघळले. दहा हजार रुपये मी यूपीआयने लगेच पाठवले आणि उरलेले, पार्सल निघाल्याची पावती आल्यावर. ठाण्यात राहतो म्हणणाऱ्या माणसाकडे मी लोकलने पंधरावीस मिनिटांत पोचलो असतो, पण दर वेळी त्याच्याकडे कोणीतरी आजारी असे.

एक गोष्ट त्या फोटोंतच माझ्या ध्यानात यायला हवी होती. आपल्या रेल्वेच्या प्रत्येक वाघिणीवर अकरा आकडी क्रमांक असतो: पहिले दोन आकडे वाघिणीच्या प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, त्यापुढचे दोन बांधणीच्या वर्षाचे, मग चार आकड्यांचा स्वतंत्र क्रमांक आणि शेवटी पडताळणीचा एक आकडा. कर्मचाऱ्यांना हा क्रमांक वाचता यावा लागतो, म्हणून वाघीण कितीही कळकट झाली तरी तेवढी जागा पुन्हा रंगवली जाते. कल्याण यार्डाजवळून जाताना लोकलच्या दारातून मी हे असंख्य वेळा पाहिले आहे. वेदरिंग करणारा जाणता माणूसही ती जागा मोकळी सोडतो. या फोटोंत मात्र शेवटच्या पाच आकड्यांवरच गंजाचा जाड थर होता. कारण साधे होते: ती एकच वाघीण होती आणि तीच सहा कोनांतून टिपलेली होती.

पार्सल उघडताच रेझिनचा उग्र वास आला. आतल्या वाघिणी थ्रीडी प्रिंटरवर काढून नीट न धुता, न सुकवता रंगवलेल्या होत्या आणि बोटांना चिकटत होत्या. खरी बॉक्सएन, वाघिणी एकमेकींना जोडणाऱ्या कपलरांसह, सुमारे १०.७ मीटर लांब असते, म्हणजे मॉडेल सव्वाबारा सेंटिमीटरच्या आसपास भरायला हवे. लांबी बरोबर होती. पण अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीप्रमाणे, म्हणजे मुळात एक औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचामागे अर्धा औंस या हिशेबाने, जिचे वजन ९५ ग्रॅमच्या पुढे असायला हवे, ती वाघीण स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३८ ग्रॅम भरली. चाके प्लॅस्टिकची होती. बोगी, म्हणजे खालचा चाकांचा सांगाडा, वळतच नव्हती, त्यामुळे पहिल्याच वळणावर ती रुळावरून घसरली. (आपल्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजसाठी एचओचा १६.५ मिलिमीटरचा रूळ अरुंदच पडतो, ही तफावत आम्ही सगळेच डोळ्याआड करतो. कदाचित डोळेझाक करायची सवय तिथूनच लागते.)

मग मी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस भिजवून एक बाजू पुसली. वेदरिंगची पूड वार्निशने पक्की केलेलीच नव्हती, त्यामुळे सगळा गंज कापसावर आला आणि खाली छपाईचे आडवे पापुद्रे, वाकलेली कड आणि पुट्टीने बुजवलेली चीर उघडी पडली. जिथे चीर, तिथेच तांबेरा सर्वांत दाट होता.

विक्रेत्याने आधी "कुरिअरवाल्यांनी आपटले असेल" असे सांगितले आणि नंतर माझा नंबर ब्लॉक केला. मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण तोवर तीन आठवडे उलटले होते आणि पैसे पुढे सरकले होते. फसल्याचे कळताच, त्याच दिवशी हा फोन करायला हवा होता. मी मात्र लाजेपोटी घरात कोणाला सांगितलेसुद्धा नाही. आता कोणाकडूनही काही घेण्याआधी मी वाघीण काट्यावर ठेवलेला, उलटी करून बोगी फिरवून दाखवणारा आणि ओल्या कापसाने एक कोपरा पुसणारा व्हिडिओ मागतो. प्रामाणिक कारागीर तो दहा मिनिटांत पाठवतो.

तोच फोटो गेल्या महिन्यात माझ्या एका स्नेह्याला दुसऱ्याच नावाने आला. खाली हिरवी कटिंग मॅट आहे, तिचा उजवा कोपरा जळलेला आहे आणि दाराच्या डाव्या बाजूला गंजाचा एक ओघळ मधेच दुभंगून क्रमांकावर उतरला आहे. आता एका वाघिणीचा दर ३,२०० रुपये झाला आहे.