फ्रेंच नावांचं पेड अ‍ॅप घेताय? थांबा, आधी हे वाचा (५ पैकी २ स्टार)

बाळासाठी फ्रेंच टच असलेलं, जरा हटके नाव पाहिजे म्हणून एक पेड अ‍ॅप घेतलं होतं त्याचा हा रिव्ह्यू. अ‍ॅपचं नाव लिहीत नाही, कारण असली बरीच अ‍ॅप्स आहेत आणि सगळ्यांचा माल सारखाच दिसतो. आम्ही फ्रान्समध्ये तुलूझला राहतो, लेक इथलीच, त्यामुळे नाव इथल्या क्रेशमधल्या (पाळणाघरातल्या) बाईंना पण म्हणता आलं पाहिजे आणि सांगलीच्या आजीला पण, एवढीच अट होती.

दिसायला अ‍ॅप गोड आहे, फाँट मस्त, हार्ट मारून लिस्ट करता येते, नवऱ्याशी शेअर करता येते. दोन स्टार त्याचेच.

आता मेन प्रॉब्लेम. ह्यांचं 'रेअर फ्रेंच' म्हणजे अमेरिकेत बसून पाहिलेलं फ्रेंच. रेअर फिल्टर लावला की क्लोए येतं, जे नाव इथे कित्येक वर्षं टॉपच्या यादीत होतं, एका वर्गात दोन-दोन क्लोए. आणि 'पॅरिसियन शिक' म्हणून काय, तर मोनिक, शांताल, ब्रिजित! अहो ही इथल्या आज्यांची नावं आहेत, दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे जन्मलेल्या. म्हणजे कोणी फ्रेंच माणसाने मॉडर्न मराठी नाव म्हणून मुलीचं शकुंतला ठेवावं तसं झालं. शकुंतला वाईट नाही हो, पण माहीत असून ठेवा.

अर्थांचं तर विचारूच नका. आमांदीनचा अर्थ दिलाय बदाम. कारण बदामाला फ्रेंचमध्ये आमांद म्हणतात, झालं, जोडून दिलं. खरं तर ते लॅटिनमधून आलंय, प्रेम करावं अशी. शांतालला 'गाणं' लिहिलंय, मूळ आहे दगड, दक्षिण फ्रान्सच्या जुन्या बोलीतलं गावाचं नाव, ते संत जान द शांतालमुळे मुलींना ठेवायला लागले. आणि जिथे अर्थ अडचणीचा तिथे अ‍ॅप गप्प. क्लोद म्हणजे लंगडा, सेसील आंधळी, ब्लेझ बोबडा, तांगी हे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताकडचं रुबाबदार नाव, त्याचा अर्थ आग-कुत्रा! ह्या सगळ्यांपुढे 'नोबल, ग्रेसफुल'. पैसे घेता तर खरं लिहा ना.

बरं, ह्याच अ‍ॅपमधून मला गारांस सापडलं हे पण सांगते, पण अर्थापुढे नुसतं 'लाल फूल'. फूल कसलं, ती मंजिष्ठाच्या जातकुळीतली रंगाची वनस्पती, मुळांपासून लाल रंग काढायचे, पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा फ्रेंच सैनिकांच्या विजारी ह्याच लाल रंगाच्या होत्या. आजीला मंजिष्ठा म्हटल्यावर लगेच कळलं, उटण्यात असते ती. असली आणखी मला आवडलेली म्हणजे कापुसीन (नॅस्टर्शियमचं फूल), एग्लांतीन (रानगुलाब), आपोलीन (अपोलोवरून, आणि दातदुखीला जिचा धावा करतात ती संत), मुलांमध्ये आंब्रुआझ म्हणजे अमर, द्यूदोने म्हणजे सरळ देवदत्तच. ओक्तावी पण गोड वाटलं होतं पण अर्थ आठवी, आमची तर पहिलीच आहे.

मग काय वापरायचं? इन्से म्हणून फ्रान्सची सरकारी आकडेवारीची संस्था आहे, त्यांच्या साइटवर १९०० पासूनची नावं फुकट बघता येतात, कुठलं नाव कधी चढलं कधी पडलं ते. केविन टाकून बघा, १९९१ च्या आसपास डोंगर आणि मग दरी. ह्याला माझे ५ पैकी ५. एकच आहे, अगदीच दुर्मिळ नावं एका ढिगात टाकलेली असतात आणि अर्थ काही मिळत नाही, फक्त आकडे. अर्थासाठी लायब्ररीतली जाड डिक्शनरीच बरी.

अ‍ॅपमध्ये कायद्याबद्दल पण एक ओळ नाही. इथे १८०३ च्या कायद्याने नाव कॅलेंडरातल्या संतांचं नाहीतर प्राचीन इतिहासातलंच लागायचं, ते १९९३ ला सुटलं, पण अजूनही नाव बाळाच्या हिताचं नाही असं वाटलं तर जन्मनोंदणीचा ऑफिसर सरकारी वकिलाला कळवतो. व्हालांसिएनच्या कोर्टाने एका मुलीचं नुटेला बदलून एला केलं ते सगळ्यांनी वाचलं असेल, तिथेच एका फ्रेझचं म्हणजे स्ट्रॉबेरीचं फ्रेझीन झालं. आणि जन्माची नोंद पाच दिवसांत करायची असते, बाराव्या दिवशी बारसं करून मग नाव सांगू असं चालत नाही, हे इथे येणाऱ्या आपल्या लोकांनी आधीच डोक्यात ठेवा. ë वगैरेवरचे टिंब भारतीय पासपोर्टवर येत नाहीत, माएलीस ठेवायचं असेल तर तेही बघा.

सोय एक चांगली आहे, दाखल्यावर दोन-तीन नावं लिहिता येतात आणि त्यातलं कुठलंही रोज वापरता येतं. आम्ही गारांस पहिलं लिहिलं आणि दुसरं नावरसाचं. नक्षत्र रोहिणी, अक्षरं ओ वा वी वू. मला व्योलेत घालायचं होतं, व वरून आहे की, पण आई फोनवर म्हणाली व्यो काही वी नव्हे, आणि वो म्हणशील तर ते मृगाचं. मग वीणा लिहिलं.