रिडेव्हलपमेंटचं भाडं, अडकलेला टीडीएस आणि दादरचे सीए: काही महिन्यांनंतरचा अनुभव

पाचशे रुपयांत रिटर्न भरून देणाऱ्याकडे जाणाऱ्या सगळ्यांनी हे वाचावं. आमची मुलुंड पूर्वेची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आहे. आम्ही सध्या भांडुपला भाड्याने राहतो आणि बिल्डर महिन्याला ३२,००० देतो. मुंबईत आता गल्लोगल्ली हेच चाललंय, त्यामुळे एवढंच सांगते: ट्रान्झिट रेंट म्हणजे नवी बिल्डिंग होईपर्यंत बिल्डर देतो ते भाडं, आणि कॉर्पस म्हणजे तो वेगळी देतो ती एकरकमी रक्कम.

२०२४-२५ मध्ये बिल्डरने या भाड्यावर १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घ्यायचा आयकर, कापला. वर्षाचे ३,८४,०००, त्यातले ३८,४०० सरकारजमा. आमच्या नेहमीच्या एजंटने (नाव लिहीत नाही) रिटर्न अगदी शेवटी भरलं. आठवत असेल, २०२५ मध्ये मुदत १५ सप्टेंबर होती आणि त्या रात्री ती एका दिवसाने वाढवली. त्या वाढीव दिवशी आमचं गेलं. त्याने रिफंड पूर्ण मागितला आणि भाड्याची रक्कम कुठेच दाखवली नाही. खात्याचा संगणक एवढंच बघतो: टीडीएस मागताय, मग ज्यावर तो कापला ती रक्कम कुठे आहे? आली आयकर कायद्याच्या कलम १३९(९) ची नोटीस. तुमचं रिटर्न सदोष आहे, १५ दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर ते भरलंच नव्हतं असं धरू.

ही नोटीस मला मिळालीच नाही. आयकराच्या पोर्टलवर ईमेल एजंटचा आणि मोबाईलही त्याचाच. मुदत संपत आली तेव्हा त्याचा फोन, "काकू, भाडं उत्पन्नात दाखवून टाकू. पंधराएक हजार भरावे लागतील, पण कटकट मिटेल."

मी तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात हिशोब लिहिलेत. पंधरा हजार कसे, ते कागदावर मांडलं. पेन्शन ५,४०,०००, त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट, ठेवींचं व्याज १,६०,०००. नव्या करप्रणालीत हे ६,२५,००० होतात. त्या वर्षीच्या सात लाखांच्या मर्यादेच्या आत, म्हणजे कलम ८७ए ची सूट मिळून कर शून्य. त्यात भाड्याचे ३,८४,००० घातले की १०,०९,००० आणि सेससकट कर ५३,४०४. म्हणजे कापलेले ३८,४०० तर गेलेच, वर आणखी १५,००० आणि त्यावर व्याज. घर आमचं पाडलं, राहायला दुसऱ्याच्या घरात, आणि त्या भाड्यावर कर मी भरायचा?

शाळेतल्या एका बाईंनी दादरच्या सीएंचा नंबर दिला. सीएंना स्वतःची जाहिरात करण्यावर निर्बंध असतात, म्हणून मीही इथे नाव देत नाही. जुन्या इमारतीत दुसरा मजला, लिफ्ट बंद, बाहेर आर्टिकलची (सीएच्या हाताखाली शिकणारी) मुलं फायलींच्या ढिगाऱ्यात.

पहिल्या भेटीत मत वाईटच झालं. नोटीस पुढे केली तर त्यांनी ती बाजूला ठेवली आणि म्हणाले, "ताई, बिल्डरबरोबरचा करार आणलाय?" नव्हता आणला. एवढं जाडजूड बाड लोकलमध्ये कोण घेऊन फिरतं? "मग करार घेऊन या. आत्ता बोलण्यात अर्थ नाही." मुदत डोक्यावर आणि हा माणूस मला परत पाठवतोय. तेव्हा मी पाचपैकी एक तारा दिला असता.

दुसऱ्या दिवशी करार नेला. त्यांनी पहिल्या पानापासून वाचलाच नाही. सरळ पैशांच्या कलमांवर गेले: भाडं कशाबद्दल, हार्डशिपची (गैरसोयीबद्दलची) रक्कम कशाबद्दल, दलाली आणि सामान हलवण्याचे पैसे वेगळे लिहिलेत का. पेन्सिलीने तीन ठिकाणी खुणा केल्या. म्हणाले, "पैसे कशाचे आहेत ते करार सांगतो, २६एएस (पॅनवर कापलेल्या टीडीएसचा सरकारी तक्ता) नाही. २६एएसमध्ये बिल्डरच्या अकाउंटंटने जे कलम टाकलं तेवढंच दिसतं." बिल्डरने १९४-आय खाली, म्हणजे मालमत्तेचं भाडं म्हणून कापलं होतं. पण मी बिल्डरला काही भाड्याने दिलेलं नाही. मला घराबाहेर काढल्याची ती भरपाई आहे. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हेच सांगितलंय: ट्रान्झिट रेंट ही विस्थापनाबद्दलची रक्कम आहे, महसुली उत्पन्न नाही, त्यावर टीडीएस कापण्याचा प्रश्न येत नाही. हा निकाल त्यांच्या टेबलावर प्रिंट करून पडलेला होता. म्हणजे आमच्यासारखे बरेच येत असणार.

मग त्यांनी आमचा भांडुपचा लिव्ह अँड लायसन्स करार मागितला आणि बँकेच्या पासबुकात घरमालकाला जाणाऱ्या रकमा तपासल्या. बिल्डरकडून आलेले पैसे खरोखर राहण्यावरच जातात हे उद्या कोणी विचारलं तर हाताशी असावं म्हणून. एजंटने मला आजवर पॅन आणि पासवर्ड याखेरीज काही विचारलं नव्हतं.

नोटिशीच्या उत्तरात त्यांनी रिटर्न आयटीआर-१ ऐवजी आयटीआर-२ या फॉर्ममध्ये नव्याने भरलं. भाड्याची सगळी रक्कम करमुक्त उत्पन्नाच्या परिशिष्टात दाखवली, म्हणजे लपवलं असं कोणी म्हणायला नको, आणि टीडीएस पूर्ण मागितला. एआयएसमध्ये (खात्याकडे असलेल्या आपल्या व्यवहारांच्या यादीत) त्या नोंदीवर 'हे उत्पन्न करपात्र नाही' असा अभिप्राय नोंदवला. प्रत्येकाच्या करारातली भाषा वेगळी असते, तेव्हा माझं वाचून जसंच्या तसं कोणी करू नका.

या सगळ्याआधी त्यांनी एक गोष्ट केली, ती मला सगळ्यात आवडली. पोर्टलच्या प्रोफाईलमध्ये माझा मोबाईल आणि माझा ईमेल टाकून घेतला, पासवर्ड माझ्याकडूनच बदलवला आणि तो स्वतः बघितला नाही. ओटीपी लागला की फोन करतात. त्यांचे ओटीपीचे फोन नेमके माझ्या दुपारच्या झोपेत येतात, ते सोडा.

आता पैशांचं. मी सरळ म्हटलं, रिफंड येईल त्यातले दहा टक्के घ्या, नाही आला तर काही देणार नाही. मला वाटलं खूश होतील. तर म्हणाले, "ताई, असं घेता येत नाही. १९४९ च्या सीए कायद्यात निकालावर अवलंबून फी घ्यायला बंदी आहे." फी ४,५००, रिफंड येवो न येवो. दहा टक्क्यांनी ३,८४० च झाले असते, म्हणजे कायदा त्यांच्याच बाजूचा निघाला.

आणि मग बिल आलं.

व्यावसायिक शुल्क ४,५००. त्याखाली 'किरकोळ खर्च ३५०'. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. एकूण ५,७२३.

किरकोळ खर्च कसला? कागद सगळे पीडीएफ करून मी पाठवले. झेरॉक्स मी मुलुंडहून काढून नेल्या, दादरला महाग पडतात म्हणून. नोटिशीचं उत्तर ऑनलाइन. कुरिअर नाही, स्टॅम्प पेपर नाही. चहासुद्धा मी नको म्हटलं होतं. वर त्या ३५० वर ६३ रुपये जीएसटी. आमच्या शाळेत ऑडिटर आला की पहिलं किरकोळ खर्चाचं रजिस्टर मागायचा. खडूच्या खोक्यापासून पोस्टाच्या तिकिटापर्यंत व्हाउचर नसेल तर ती रक्कम मंजूर नाही. दुसऱ्यांच्या हिशोबात एकेक नोंद पेन्सिलीने टिपणाऱ्या माणसाने स्वतःच्या बिलात असं मोघम लिहावं? फोन केला तर ऑफिसातला मुलगा म्हणाला, "ते सगळ्यांनाच लागतं, मॅडम." मी ४,५०० आणि त्यावरचा ८१० जीएसटी, असे ५,३१० यूपीआयने भरले आणि बाकीच्या ४१३ चं व्हाउचर मागितलं. ह्यांचं म्हणणं, अडतीस हजारांचं काम करून दिलं त्या माणसाशी चारशे रुपयांवरून भांडतेस? भांडत नाहीये. हिशोब मागतेय.

अपडेट: जानेवारीत कलम १४३(१) ची, म्हणजे खात्याने रिटर्न तपासल्याची सूचना आली, दावा जसाच्या तसा मान्य. काही दिवसांत ३८,४०० व्याजासकट खात्यात. तारे एकवरून चार केले. मी पेढे घेऊन गेले तर साहेबांनी पेढा तोंडात टाकण्याआधी आर्टिकलला सांगितलं, "रिफंडवरचं व्याज करपात्र आहे, यांच्या यंदाच्या फायलीत लिहून ठेव." रिफंड आल्याचा आनंद एक मिनिट तरी टिकू द्यायचा.

त्याच भेटीत त्यांनी चालू वर्षाचं २६एएस उघडलं. बिल्डर अजून कापत होता. १ एप्रिल २०२५ पासून भाड्यावरच्या टीडीएसची मर्यादा वर्षाला २,४०,००० ऐवजी महिन्याला ५०,००० झाली आहे. आमचे तर ३२,००० च. म्हणजे ते भाडं आहे असं मानलं तरी कापायचं कारण नाही, आणि नाही मानलं तरी नाही. हे दोन ओळींत लिहून त्यांनी माझ्या सहीचं पत्र बिल्डरच्या ऑफिसला पाठवलं. तिथला अकाउंटंट आधी म्हणाला, आमचे ऑडिटर ऐकणार नाहीत. पुढच्या वर्षाचे चेक आले ते मात्र पूर्ण ३२,००० चे. सोसायटीत बाकीच्यांचेही तसेच आले आणि त्यांनी कोणाला काही फी दिलेली नाही. पत्रावर सही माझी होती, हे व्हॉट्सॲप ग्रुपवर मी दोनदा लिहिलं. अंगठा दाखवण्यापलीकडे कोणी काही केलं नाही.

मला खरं कौतुक वाटतं ते त्यांच्या पुढचं बघण्याचं. नोटिशीचं काम संपल्यावर त्यांनी आमचा मूळ खरेदी करार मागितला, १९८९ चा. नवा फ्लॅट पुढे कधी विकायचा झाला तर २००१ च्या आधीच्या मालमत्तेला १ एप्रिल २००१ ची बाजारभावाने किंमत धरता येते, तेव्हा मूळ कागद आणि जुन्या बिल्डिंगचे फोटो जपून ठेवा म्हणाले. कॉर्पसची रक्कम आली की खर्च करण्याआधी दाखवायला सांगितलंय. एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झालाय, कलमांचे नंबर सगळे बदलले. आर्टिकलच्या मुलांनी जुन्या-नव्या कलमांचा तक्ता भिंतीवर चिकटवलाय. साहेब त्याकडे बघत नाहीत. २०२५-२६ चं रिटर्न अजून १९६१ च्या कायद्यानेच भरायचंय, ते आधी नीट करा म्हणतात.

आणखी एक अपडेट: व्हाउचर आलं नाही. सुधारित बिल आलं. त्यात किरकोळ खर्च ही ओळच नाही. व्यावसायिक शुल्क ४,८५०, जीएसटी ८७३, एकूण ५,७२३. शुल्काला व्हाउचर मागता येत नाही, हे त्यांनाही माहीत आणि मलाही. बाकीचे ४१३ भरले. पाचवा तारा मात्र देणार नाही.

ज्यांचा फक्त एक फॉर्म १६ आणि थोडं बचत खात्याचं व्याज आहे, त्यांनी इतके पैसे घालवू नयेत. पोर्टलवर सगळं आधीच भरलेलं येतं, एआयएसशी ताडून स्वतः भरा. रिडेव्हलपमेंट, घरविक्री, थकबाकीचे पगार यातलं काही असेल तर जा. पण जूनमध्येच जा, मुदतीच्या आठवड्यात ते नवीन माणसाला उभं करत नाहीत. करार, भाडेकरार, पासबुक, २६एएस आणि एआयएस घेऊन जा, आणि फी ठरवताना 'सगळं धरून किती' एवढं आधी लिहून घ्या.