एमएस्सीची दोन वर्षं आणि आमच्या कॉलेजचे नियम : साडेतीन स्टार

कॉलेजचं नाव टाकत नाहीये, ज्युनिअर अजून तिथेच आहेत आणि प्रोजेक्टचे मार्क सरांच्या हातात असतात, समजून घ्या. पुणे जिल्ह्यातलं, तालुक्याच्या गावचं कॉलेज. मी तिथून ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एमएस्सी केलं, २०२३ ते २०२५, म्हणजे पीजीला एनईपी (राष्ट्रीय शैक्षणिक धोरण) लागू झाली ती पहिलीच बॅच, सगळे प्रयोग आधी आमच्यावर. शिकवणं कसं, लॅब कशी हे सगळेच सांगतात, मी फक्त नियमांबद्दल लिहितेय कारण अॅडमिशन घेताना ते कोणी विचारतच नाही, मी पण नाही विचारले, हमीपत्रावर न वाचता सही मारली आणि थेट कँटीनला गेलो.

आधी क्रेडिटचं सांगते. दोन वर्षांत ८८ क्रेडिट, प्रत्येक सेमला २२. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास आणि प्रॅक्टिकलचं ३० तास, म्हणजे चार क्रेडिटच्या थिअरीला ६० तास बसायचं आणि दोन क्रेडिटच्या प्रॅक्टिकलला तेवढेच ६० तास उभं राहायचं, हे पहिल्याच आठवड्यात पायांना कळलं. पहिल्या सेमला चार क्रेडिटचा रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर असतो, आम्ही सगळ्यांनी तो टाइमपास समजून सोडला होता, आणि मग तिसऱ्या-चौथ्या सेमला प्रोजेक्ट (चार आणि सहा क्रेडिट) लिहायला बसलो तेव्हा त्याच नोट्स शोधत फिरलो. माझ्या रिपोर्टची पहिली प्लॅजिअरिझम चेक, म्हणजे किती मजकूर दुसरीकडून उचललाय त्याची तपासणी, ३१ टक्के आली. १० टक्क्यांपर्यंत ठीक, त्याच्यावर ४० टक्क्यांपर्यंत गेलं की परत लिहा, हा यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) २०१८ चा प्रबंधांसाठीचा नियम आहे आणि आमच्या मॅडमनी तो प्रोजेक्टलाही लावला, कोणाची गय केली नाही. तेव्हा शिव्या घातल्या मनातल्या मनात, आता बरं वाटतं.

ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, दुसऱ्या सेमला, चार क्रेडिट, १२० तास. कागदावर झकास. प्रत्यक्षात कॉलेजने कंपन्यांची एक झेरॉक्स यादी हातात दिली, त्यातले अर्धे फोन लागत नव्हते आणि उरलेल्यांना ओजेटी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. मी आणि माझी मैत्रीण भर उन्हात कुरकुंभ एमआयडीसीत गेट टू गेट फिरलो, वॉचमनला बायोडाटा देऊन यायचो. शेवटी मामाच्या ओळखीने एका ठिकाणी क्यूसी लॅबमध्ये (मालाची गुणवत्ता तपासतात तिथे) जमलं, पहिले चार दिवस नुसतं रजिस्टर लिहायला बसवलं पण नंतर मस्त शिकायला मिळालं, तिथली एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं मशीन) कॉलेजपेक्षा दहापट भारी. ज्यांच्या मामांच्या ओळखी नाहीत त्यांनी काय करायचं? याचं उत्तर डिपार्टमेंटकडे नव्हतं.

अटेंडन्स ७५ टक्के, आणि पीजीला वर्गात २४ पोरं त्यामुळे प्रॉक्सी वगैरे विसरा. मला डेंग्यू झाला होता, १७ दिवस गेले. ऑफिसमध्ये सर्टिफिकेट द्यायला गेले तर म्हणे टर्मच्या शेवटी आणा, शेवटी नेलं तर म्हणे आठ दिवसांत द्यायला हवं होतं, नियम आहे. नियम खरंच आहे हो! माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरात. पण मग आधी त्याच खिडकीतून मला उलटं का सांगितलं? एचओडी मॅडमनी पत्र लिहिलं म्हणून वाचले. याच मॅडमनी आमच्या वर्गातल्या एका लग्न झालेल्या मुलीला बाळंतपणात अटेंडन्सची सवलत मिळवून दिली, यूजीसीने डिसेंबर २०२१ मध्ये युनिव्हर्सिट्यांना पत्र पाठवलं होतं की यूजी-पीजीच्या मुलींसाठी असे नियम करा, ते ऑफिसच्या फायलीत पडून होतं, कोणाला आठवतही नव्हतं. नाहीतर त्या मुलीचं वर्षच गेलं असतं.

आता पैशांचं, नीट वाचा. माझ्या एका मैत्रिणीचा बीएडचा नंबर उशिराच्या राउंडला लागला, ऑक्टोबरमध्ये. ती एमएस्सी कॅन्सल करायला गेली तर ऑफिस म्हणालं फी परत मिळत नाही, आणि ओरिजिनल मार्कशीट्स पण लगेच देईनात. २०२३-२४ साठी यूजीसीचं स्पष्ट होतं, ३० सप्टेंबरपर्यंत कॅन्सल केलं तर पूर्ण फी परत आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १००० रुपये कापून बाकीची परत, आणि ओरिजिनल कागदपत्रं अडवून ठेवायचा कॉलेजला अधिकारच नाही. आम्ही त्याची प्रिंट काढली, सोबत साधा अर्ज, आणि आवक-जावकचा शिक्का मारून पोच घेतली. पोच मागितल्याबरोबर क्लार्कचा आवाजच बदलला. तीन आठवड्यांत चेक आला, १००० कापून. तारखा दरवर्षी बदलू शकतात, तुमच्या वर्षाचं सर्क्युलर बघा.

तिसऱ्या सेमला मी स्पेक्ट्रोस्कोपीत नापास. मी! स्पेक्ट्रोस्कोपीत! उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली तर एक अख्खा प्रश्न तपासलेलाच नाही, पानावर लाल रेघसुद्धा नव्हती. मग रिव्हॅल्युएशनचा फॉर्म, परत वेगळी फी, आणि मुदतीची नोटीस लागली शुक्रवारी संध्याकाळी. पास झाले, पण निकाल हातात येईपर्यंत मी एटीकेटीचा (नापास विषय परत द्यायचा) परीक्षा फॉर्म पण भरून ठेवला होता, ते पैसे गेले ते गेलेच.

एक वर्षानंतर ४४ क्रेडिटवर पीजी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, आमच्यातला एक जण नोकरी लागली म्हणून तसा गेला. त्याचे क्रेडिट एबीसीत म्हणजे अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये सात वर्षं राहतात, पुढे यायचं म्हटलं तर येईल. ही सोय मला मनापासून आवडली. फक्त आधार कार्डावरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव जुळतंय का ते आधीच बघा, माझ्या आधारवर वडिलांचं नाव नाही आणि मार्कशीटवर आडनाव आधी, त्यामुळे पहिल्या सेमचे क्रेडिट कितीतरी महिने दिसतच नव्हते.

आणि हो, तक्रार निवारण समिती असते, त्याच्या वर युनिव्हर्सिटीचा लोकपाल, २०२३ च्या यूजीसी नियमात दोन्ही आहेत. आमच्याकडे समितीचा बोर्ड जिन्याखाली, झेरॉक्स मशीनच्या मागे होता.

डिपार्टमेंटला पाच, ऑफिसला दोन, मिळून साडेतीन. डिग्री सर्टिफिकेट अजून आलेलं नाही. चौकशी केली की म्हणतात, लंचनंतर या.