फ्री डिशचा एमपीईजी-४ डबा: दिवाळी ते पावसाळा वापरून झाल्यावर

फ्री डिश म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीची, महिना भाडं नसलेली छत्रीवरची टीव्ही सेवा. तिच्या या डब्याची माहिती सगळ्यांना असतेच: एचडीएमआय, यूएसबी, बारा व्होल्टचा अडॅप्टर. त्यावर वेळ घालवत नाही. मला लिहायचंय ते स्कॅनबद्दल, म्हणजे डब्याने चॅनल शोधण्याबद्दल, कारण एप्रिलमध्ये त्या एका गोष्टीने घरात जो मनस्ताप झाला तो दुसऱ्या कुणाला होऊ नये.

दिवाळीच्या आधी जळगावला गोलाणी मार्केटमधून साडेआठशेला आणला. छत्री जुनीच, दोन फुटी. आधीच्या एमपीईजी-२ (चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धत; एमपीईजी-४ ही नवी) डब्यात काही चॅनलचं नाव यायचं, आवाज यायचा आणि पडदा काळा राहायचा, म्हणून बदलला. चित्र स्वच्छ, लाइट गेली-आली तरी शेवटचं चॅनल लक्षात ठेवतो. फेब्रुवारीपर्यंत विचारलं असतं तर पाचपैकी तीन दिले असते आणि विषय संपला असता.

एक एप्रिलच्या सुमारास फ्री डिशवर फेरबदल होतात. प्रसार भारती चॅनलच्या जागांचा ई-लिलाव करते. ज्यांनी जागा घेतली नाही ते जातात, नवे येतात. २०२२ च्या १ एप्रिलला स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल असे चारही एकदम गेले होते. यंदा आमच्याकडचीही काही चॅनल गेली. माझी आई वाचत नाही. तिला नंबर पाठ आहेत: सह्याद्री सातवर, भजनं अकरावर. गेलेलं शोधायला मी तालुक्याहून डिशवाला बोलावला. त्याने वर छत्रीकडे बघितलंही नाही. फॅक्टरी रीसेट मारला, ब्लाइंड स्कॅन लावला आणि तीनशे मागितले. मी म्हटलं, "जिभाऊ, नुसती बटणं दाबायचे तीनशे?" तर म्हणे, "सेटिंगना भाव तोच शे, भाऊ." दीडशेवर मिटलं. तो गेल्यावर आईने सात दाबलं, तर तिथे जाहिरातींचं काहीतरी. "मनं सह्याद्री कथा गयं रे भाऊ?" (माझं सह्याद्री कुठे गेलं?) असं ती दिवसभर विचारत राहिली. सगळे नंबर फिरले होते, आवडीची यादी पुसली गेली होती. दीडशे रुपयांपेक्षा याचा राग मला जास्त आला.

मग मी स्वतः मेनू उघडून बसलो. ब्लाइंड स्कॅन म्हणजे डबा १०७०० पासून १२७५० मेगाहर्ट्झपर्यंत सगळा पट्टा चाचपतो, तोही दोनदा, एकदा उभ्या आणि एकदा आडव्या ध्रुवीकरणात (लहरींच्या दिशेत). फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावर आहे, आणि तिचे ट्रान्सपॉन्डर (टीपी, चॅनलचा एकेक गठ्ठा खाली पाठवणारे संच) उभ्या, म्हणजे व्ही बाजूला, ११७०० च्या खाली आहेत. म्हणजे त्या लांबलचक स्कॅनचा तीन चतुर्थांश वेळ जिथे आपलं काहीच नाही तिथे जातो. वर त्यात नको ती चॅनल भरतात आणि यादी विस्कटते.

त्याऐवजी मॅन्युअल सर्च. एलएनबी (छत्रीसमोरचा, सिग्नल पकडणारा भाग) युनिव्हर्सल, ९७५०/१०६००. बावीस के (एलएनबीला वरचा पट्टा निवडायला सांगणारा टोन) बंद, कारण ११७०० च्या खाली तो टोन लागत नाही. मग हवा तो टीपी निवडायचा: ११०९०, १११७०, ११४९० किंवा ११५७०, पुढे व्ही, सिम्बॉल रेट (माहिती येण्याचा वेग) २९५००. तेवढाच एक टीपी स्कॅन केला की नवी चॅनल यादीच्या शेवटी जोडली जातात आणि जुने नंबर जागच्या जागी राहतात. मिनिटभराचं काम. कोणतं चॅनल कोणत्या टीपीवर आहे ते इन्फो बटणावर दिसतं. आईची यादी एकदा हाताने लावून दिली, त्यानंतर नवं काही आलं की मी हाच मार्ग धरतो. सात अजून सातच आहे. इथे माझं मत बदललं. डबा चांगला आहे. मेनू ज्याने मांडला त्याने माणसांचा विचार केला नाही. मॅन्युअल सर्च तीन पायऱ्या आत, पासवर्डच्या (चार शून्य) मागे, आणि ब्लाइंड स्कॅन मात्र रिमोटच्या लाल बटणावर उघडा! म्हाताऱ्या माणसाच्या अंगठ्याखाली येईल अशा जागी. त्या बटणावर मी चिकटपट्टी लावलीय.

स्कॅनने न सुटणाऱ्या गोष्टीही आहेत. मेनूत दोन पट्ट्या असतात. स्ट्रेंथ म्हणजे एलएनबी आणि केबल जिवंत आहेत एवढंच. क्वालिटी म्हणजे उपग्रह सापडलाय. स्ट्रेंथ भरलेली आणि क्वालिटी शून्य असेल तर कितीही स्कॅन करा, काही मिळणार नाही. मे महिन्याच्या वादळात, ज्यात आमच्याकडे केळीही आडव्या झाल्या, छत्री हलली आणि नेमकं हेच झालं. जळगाव-धुळ्याकडून ९३.५ अंश पूर्व रेखांशावरचा हा उपग्रह आग्नेयेला, साधारण ५८ अंश उंचीवर येतो. एलएनबीही सरळ नाही, चाळीसेक अंश तिरका बसतो. ते तिरकेपण चुकलं तर क्वालिटी पूर्ण भरत नाही.

मार्चमध्ये मात्र एक सुखद गोष्ट घडली. दुसऱ्या आठवड्यात काही दिवस सकाळी अकरा-सव्वाअकराला चित्र फुटायचं. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला अकराच्या आसपास पुन्हा येतो. अशा वेळी मी गच्चीवर गेलो तर छत्रीच्या कडेला निंबाच्या फांदीची सावली. सूर्याची वाट जी अडवते ती उपग्रहाचीही अडवते! फांदी छाटली आणि क्वालिटी अठ्ठावन्नवरून सत्तरीत गेली. कुणाला पैसे न देता. जोराच्या पावसात अजूनही चित्र जातं, पण केयू बँडला (फ्री डिश येते त्या लहरींना) ते कुठल्याही डब्यात होणारच.

आधी डीटीएचला चॅनल निवडायच्या आधीच १३० रुपये आणि वर कर असा महिना जायचा. त्या हिशेबाने साडेआठशे कधीच वसूल झाले. आज पाचपैकी चार देईन. एक त्या लाल बटणाचा कापला.

घेणार असाल तर दुकानातच टीव्हीला जोडून मेनू उघडायला लावा. मॅन्युअल सर्चमध्ये फ्रिक्वेन्सी आणि सिम्बॉल रेट हाताने भरता येतो का, आणि एक टीपी स्कॅन केल्यावर जुने नंबर तसेच राहतात का, हे समोर करून घ्या. दुकानदार दाखवत नसेल तर डबा तिथेच ठेवून या, मग तो दोनशेने स्वस्त असला तरी.