शिवभोजन केंद्र : दहा रुपयांचे ताट आणि त्याविषयीची मते

जिल्हा रुग्णालयाच्या फाटकासमोरील एका शिवभोजन केंद्राविषयी हा अभिप्राय आहे. एक महिला बचत गट ते चालवतो. नातेवाईक रुग्णालयात दाखल असताना मी तेथे अनेकदा जेवलो आणि आजही त्या बाजूला गेलो की जेवतो. गटाचे आणि शहराचे नाव मुद्दाम देत नाही. अन्नाच्या दर्जाबद्दल तर लिहायचेच आहे. पण कराच्या पैशातून सरकारने दुसऱ्याचे ताट भरावे की नाही, याविषयीची माणसांची मते कशी बनतात, हे मला या केंद्राच्या दारात फार जवळून पाहायला मिळाले, आणि त्याविषयी लिहिल्याशिवाय हा अभिप्राय पुरा होणार नाही.

प्रथम जेवण. प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण हे प्रमाण शासनाने ठरवून दिलेले आहे. या केंद्रात चपात्या गरम मिळतात, कारण रांग सुरू असतानाच मागच्या खोलीत दोघीजणी लाटत असतात आणि एक जण तव्यापाशी असते. भाजी बहुधा कोबीची किंवा बटाट्याची असते. मधूनच मोड आलेल्या मटकीची उसळ असते आणि त्या दिवशी रांग लवकर लागते. उसळ नीट शिजलेली, तेल बेताचे, तिखट मध्यम. वरण पातळ आहे, पण त्याला लसूण-जिऱ्याची खमंग फोडणी असते. भात मात्र उशिरा पोहोचणाऱ्यांना गोळा झालेला मिळतो. ताटे कप्प्यांची, स्टीलची आणि स्वच्छ घासलेली असतात. हात धुण्याच्या जागी मात्र साबण नेहमी असतोच असे नाही. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसाला हे जेवण पुरते, पण पहाटेपासून गोणी वाहणाऱ्याला पुरत नाही. माझ्या शेजारी बसलेल्या एका हमालकाकांचे ताट पाहून वाढणाऱ्या ताईंनी न विचारता वरणाची आणखी एक पळी घातली. काकांनी मानेनेच पुरे म्हटले आणि भात कालवून ताट अगदी लख्ख केले. जास्तीची चपाती मात्र ताईंना देता येत नाही, कारण तिचा खर्च गटाच्या अंगावर पडतो.

या ताटासाठी ग्राहक दहा रुपये देतो. २६ जानेवारी २०२० रोजी योजना सुरू झाली तेव्हा शहरी भागात एका थाळीचा दर ५० रुपये आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरला होता. ग्राहकाचे दहा रुपये वजा जाता उरलेले अनुक्रमे ४० आणि २५ रुपये शासनाने केंद्रचालकाला द्यायचे, अशी रचना होती. एकाच्या करातून दुसऱ्याच्या घासापर्यंत पोहोचणारे हे चाळीस रुपये म्हणजे उत्पन्नाच्या फेरवाटपाचे अगदी साधे, डोळ्यांना दिसणारे रूप होय. ग्राहकाचा रेशनकार्डाचा रंग येथे पाहिला जात नाही आणि उत्पन्नाचा दाखलाही मागितला जात नाही. या योजनेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट मला हीच वाटते.

केंद्राला लागून चहाची टपरी आहे. तेथे या थाळीविषयी सतत बोलणे चालते. ‘आमच्या टॅक्सवर फुकटे पोसायचे’ हे वाक्य मी तेथे वेगवेगळ्या तोंडून ऐकले, आणि ‘पेशंटजवळ बसलेल्या माणसाने जायचे कुठे?’ हे वाक्यही तितक्याच वेळा ऐकले. महत्त्वाची गोष्ट अशी की, ही दोन्ही वाक्ये बोलणाऱ्यांच्या खिशांत फारसा फरक नव्हता. ज्याला योजनेतून अधिक मिळते तो बाजूने आणि ज्याचे अधिक जाते तो विरोधात, असा सरळ हिशेब तेथे दिसत नाही. फरक होता तो रांगेतल्या माणसाविषयी त्यांनी मनाशी काय धरले होते यात. पहिल्याच्या मते तो माणूस काम टाळतो, म्हणून रांगेत आला. दुसऱ्याच्या मते त्याच्यावर वेळ आली, म्हणून तो रांगेत आला.

अर्थशास्त्रज्ञांनी हाच फरक देशांच्या पातळीवर मोजला आहे. अल्बर्टो अलेसिना, एडवर्ड ग्लेझर आणि ब्रूस सॅसरडोट यांनी २००१ साली जागतिक मूल्य सर्वेक्षणाच्या, म्हणजे अनेक देशांतील लोकांची मते विचारणाऱ्या पाहणीच्या, आधारे मांडले की, गरीब लोक आळशी असतात असे मानणारे अमेरिकेत ६० टक्के होते, तर युरोपात २६ टक्के; आणि उत्पन्न नशिबावर ठरते असे मानणारे अमेरिकेत ३० टक्के, तर युरोपात ५४ टक्के. कल्याणकारी खर्च युरोपात अधिक आणि अमेरिकेत कमी असण्यामागे त्यांनी जी कारणे दिली, त्यांत या समजुतीला मोठे स्थान आहे. दुसरे कारण त्यांनी वांशिक दुरावा हे दिले. लाभ घेणारा आपल्यातला वाटत नसला की हात आखडतो. टपरीवर ‘हे लोक’ असा उल्लेख झाला की पुढचे मत काय येणार हे मला आधीच कळू लागले होते, आणि आपल्याकडे त्या दोन शब्दांत जात, वस्ती, परप्रांत असे बरेच काही सामावलेले असते.

आपण स्वतःला शिडीच्या कितव्या पायरीवर समजतो, यावरही मत ठरते. ब्युनोस आयर्स परिसरातील कुटुंबांच्या एका पाहणीत (तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले) अनेक गरीब कुटुंबे स्वतःला प्रत्यक्षापेक्षा वरची समजत होती, आणि त्यांना खरे स्थान सांगितल्यावर ती फेरवाटपाच्या बाजूने अधिक झुकली. स्वीडनमध्ये उलट दिसले : तेथे बहुतेक जण स्वतःला खालचे समजत होते, आणि आपण वर आहोत हे कळल्यावर त्यांतील उजव्या विचारांच्या लोकांचा विरोध वाढला. आपल्याकडे तर जो तो स्वतःला मध्यमवर्गीय म्हणवतो. २०१९-२० च्या श्रमबल सर्वेक्षणानुसार महिना २५ हजार रुपये कमावणारा देशातील कमावत्यांच्या वरच्या १० टक्क्यांत मोडत होता, हे टपरीवरच्या पगारदारांना सांगितले तर त्यांचा विश्वास बसत नाही. तशीच दुसरी समजूत म्हणजे कर फक्त आपणच भरतो ही. रांगेतला माणूस मोबाइलचे रिचार्ज करतो तेव्हा त्यावर १८ टक्के जीएसटी भरतोच. त्याच्या हाती पगाराची चिठ्ठी येत नाही म्हणून तो कर कुणाला दिसत नाही.

पगाराच्या चिठ्ठीवरून एक महाराष्ट्राची गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपल्या वेतनातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ साली रोजगार हमी योजनेसाठी बसवण्यात आला. १९७२ च्या दुष्काळाने खडी फोडायला लावलेली गावे शहरवासीयांनी पाहिली होती. त्यांच्या पगारातून गावातल्या मजुराला काम द्यायचे आणि तितकीच भर शासनाने घालायची, ही योजना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने उभी राहिली व १९७७ च्या कायद्याने तिला हक्काचे रूप आले. शहराच्या पैशातून खेड्याला मदत करण्याची इतकी उघड व्यवस्था असूनही ती दीर्घकाळ टिकली, याचे एक कारण मला असे वाटते की, मदत घेणारा उन्हात घाम गाळत होता आणि त्यामुळे त्याच्या गरजेविषयी शंका घ्यायला जागाच उरली नव्हती. ज्याला खरी गरज नाही तो खडी फोडायला जात नाही. शिवभोजनाची रांगही हेच काम सौम्यपणे करते. भर दुपारी उभे राहून दोन चपात्या आणि पातळ वरण खायला सुखवस्तू माणूस सहसा येत नाही, म्हणून दाखल्याची गरज पडत नाही. आणि दाखला मागितला जात नाही, म्हणून कुणाला आपली गरिबी सिद्ध करावी लागत नाही. त्यात दहा रुपये मोजलेले असल्याने जेवणारा मान वर करून जेवतो. त्या हमालकाकांनी नोट देताना ‘घ्या ताई’ म्हटले ते गिऱ्हाइकाच्या सुरात.

करोनाच्या काळात हे केंद्र सुरू होते. मार्च २०२० च्या अखेरीस थाळीचा दर पाच रुपये झाला आणि एप्रिल २०२१ मध्ये ती काही महिन्यांसाठी मोफत करण्यात आली. त्या दिवसांत ‘फुकटे’ हा शब्द टपरीवर एकदाही निघाला नाही, असे टपरीवाल्या मामांनीच मला सांगितले. हातचे काम कुणाच्या दोषाने गेलेले नाही, हे तेव्हा प्रत्येकाला ठाऊक होते. आज ज्याला लग्नसराई संपल्यामुळे काम नाही त्याच्याबाबत तीच गोष्ट तितकीच खरी आहे, पण ती सर्वांवर एकदम आलेली नसल्याने दिसत नाही.

लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये थेट खात्यात जातात, आणि त्यांविषयी टपरीवरचा सूर कितीतरी कडक असतो. २०२५ मध्ये सरकारी नोकरीतील काही महिलांनीही तो लाभ घेतल्याचे उघड झाले तेव्हा त्या थोड्यांचा राग लाखो गरजू बायकांवर निघाला. रोख रकमेला मी कमी लेखत नाही. बाईच्या हाती स्वतःचे पैसे येण्याचे मोल मोठे आहे. परंतु फसवणूक कुठे दिसली की लोकांचे मत आकड्यांची वाट पाहत नाही, आणि ताटात फसवणुकीला वाव थोडा असतो, एवढे मात्र खरे.

या केंद्राविषयी माझ्या दोन तक्रारी आहेत. थाळीचा हिशेब ठेवण्यासाठी जेवणाऱ्याचा फोटो मोबाइलवर काढला जातो. बनावट थाळ्या रोखण्याचा हेतू मला समजतो, पण डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेणारी बाई पाहिली की वाईट वाटते. कूपन मोजूनही तो हिशेब ठेवता आला असता. दुसरी तक्रार अनुदानाची. ते महिनोन्महिने थकल्याचे राज्यभरच्या केंद्रचालकांनी २०२५ मध्ये जाहीरपणे मांडले. किराणा उधारीवर आणून गट चालवणाऱ्या बायका अशा वेळी स्वतःच्या घरखर्चातून दुसऱ्यांचे ताट भरत असतात, आणि थाळीची चव बिघडली की दोष त्यांच्या माथी येतो. शासनाने अनुदान दरमहा द्यावे, चपात्या दोनाच्या तीन कराव्यात, आणि थाळीचा पूर्ण दर, त्यात ग्राहकाचा वाटा किती व शासनाचा किती, हे दारावर ठळक लिहावे. टपरीवरच्या वादाला त्यामुळे निदान खरा आकडा मिळेल.

रुग्णालयात कुणी दाखल असेल तर येथे निःसंकोच जेवावे. बाराला रांग लागते आणि थाळ्यांची संख्या ठरलेली असल्याने साडेबाराच्या आत पोहोचावे. ज्यांना बाहेर पूर्ण दराने जेवणे परवडते त्यांनी रांग सरेपर्यंत थांबून, उरलेल्या थाळ्यांतली घ्यावी. सुटे दहा रुपये जवळ ठेवावेत, आणि हातासाठी साबण.